पडद्यावरचा इंच

शाळेच्या संगणक-खोलीत लिनक्स वापरणाऱ्या शिक्षकांकडून एक तक्रार वरचेवर ऐकू येते. आदल्या दिवशी सगळे ठीक होते. रात्री संगणकाने आपल्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या उतरवून घेतल्या. त्यांत पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हरही होता. सकाळी संगणक सुरू केला, तर अक्षरे दीडपट मोठी! मेनूतले शब्द अर्धवट कापलेले, खिडक्या पडद्याबाहेर गेलेल्या, आणि ज्यावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते बटण पडद्याच्या तळाखाली कुठेतरी बुडालेले. कधी याच्या अगदी उलट होते. अक्षरे इतकी बारीक होतात की अनुस्वार आहे की धुळीचा कण, हे कळत नाही. परीक्षेचे गुण भरायचे असतील, तर ‘६’ की ‘९’ हे पाहायला नाक पडद्याला टेकवावे लागते.

अशा वेळी बहुतेक जण फाँटचा आकार १० वरून ७ करतात आणि कामाला लागतात. काम चालते. पण पुढच्या वेळी ड्रायव्हर पुन्हा बदलला की तोच ७ चा फाँट मुंगीएवढा होतो. म्हणून अक्षराचा आकार नेमका कोण ठरवतो, हे एकदा मुळापासून पाहू या. त्यात गणित इयत्ता सातवीच्या पलीकडचे नाही.

‘१० पॉइंटाचे अक्षर’ असे आपण म्हणतो, तेव्हा पॉइंट हे लांबीचे माप असते. ते छापखान्यातून आले. शिशाच्या खिळ्याची उंची पॉइंटात मोजत. जुना अमेरिकी पॉइंट इंचाच्या ७२ व्या भागापेक्षा किंचित लहान होता. संगणकावरच्या छपाईने तो बरोबर १/७२ इंच असा ठरवून टाकला. म्हणजे १ पॉइंट सुमारे ०.३५३ मिलिमीटर, आणि १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. कागदावर यात काही अडचण येत नाही. ६०० ठिपके प्रति इंच छापणाऱ्या यंत्राला १२ पॉइंटासाठी १०० ठिपके लागतात, हे ठाऊक असते. आपल्या तक्रारदार शिक्षकांनी तीच प्रश्नपत्रिका छापून पाहिली, तर ती पूर्वीसारखीच निघेल. ड्रायव्हर बदलला म्हणून कागदावरचे अक्षर बदलत नाही.

पडद्याचे तसे नाही. पडदा ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा बनलेला असतो. त्याच्यावर १० पॉइंटाचे अक्षर काढायचे, तर संगणकाला एक भागाकार-गुणाकार करावा लागतो:

पिक्सेल = पॉइंट ÷ ७२ × एका इंचातील पिक्सेल

या शेवटच्या संख्येला ‘डीपीआय’ म्हणतात. सगळा घोटाळा तिथे आहे. पडद्याच्या एका इंचात किती पिक्सेल आहेत, हे संगणकाला कोणी सांगायचे?

सुरुवातीला कोणी सांगतच नसे, ते गृहीत धरले जाई. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट. कागदावर ते पडद्यावर, असा सुंदर मेळ होता. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने वेगळा विचार केला. माणूस पुस्तकापेक्षा पडद्यापासून सुमारे एक तृतीयांश जास्त अंतरावर बसतो, म्हणून पडद्यावरचे अक्षरही एक तृतीयांशाने मोठे हवे. ७२ ला ४/३ ने गुणले की ९६ येतात. तेव्हापासून ९६ ही संख्या संगणकाच्या जगात रुजली. लक्षात घ्या, ही कुठल्या पडद्याची मोजलेली घनता नव्हे, सोयीसाठी मानलेला इंच आहे. आजही वेबपानांच्या नियमांत १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल असेच धरतात, मग पडदा खिशातला असो की भिंतीवरचा.

हे पट्टीने पडताळता येते, आणि मुलांना फार आवडते. ब्राउझरमध्ये १० सेंटिमीटर लांबी दिलेली एक रेघ दाखवावी आणि पडद्याला पट्टी लावावी. काचेवर जोर देऊ नये, हे आधी सांगावे. सर्वसाधारण १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा ३४४ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर १९२० पिक्सेल असतील, तर इंचाला १४२ पिक्सेल पडतात. ब्राउझरच्या हिशेबाने १० सेंटिमीटर म्हणजे ३७८ पिक्सेल. ते या पडद्यावर फक्त ६.८ सेंटिमीटर भरतात. तीच रेघ ४३ इंची टीव्हीवर नेली, तर सुमारे १८.७ सेंटिमीटर होते. एका वर्गात तीन-चार प्रकारचे पडदे असतील, तर दोन तासिका सहज रंगतात. मात्र प्रयोगापूर्वी ब्राउझरचे आवर्धन १०० टक्के आणि प्रणालीतले स्केलिंगही १०० टक्के आहे ना, हे पाहून घ्यावे.

पडदा स्वतःची ओळख देतो

१९९४ साली ‘व्हेसा’ या संस्थेने एक मानक प्रसिद्ध केले. पडद्याने संगणकाला आपली ओळख १२८ बाइटांत सांगायची, असे त्यात ठरले. या ओळखपत्राला ‘ईडीआयडी’ म्हणतात. बनवणारा कोण, कोणते रिझोल्यूशन चालते, अशा माहितीबरोबर त्यात पडद्याची रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये असते. शून्यापासून मोजले, तर २१ वा आणि २२ वा बाइट. एका बाइटात २५५ पर्यंतची संख्या मावते, त्यामुळे अडीच मीटरपर्यंतचा पडदा यात बसतो. पुढे याच ओळखपत्रात आकार मिलिमीटरमध्ये देण्याचीही सोय आहे.

सेंटिमीटरवर भागवले की काय होते, हे मुलांना करून पाहू द्यावे. आपला लॅपटॉप ३४४ × १९३ मिलिमीटर आहे, पण सेंटिमीटरमध्ये ३४ × १९ होतो. आता १९२० पिक्सेलना ३४ सेंटिमीटरने आणि १०८० पिक्सेलना १९ सेंटिमीटरने भागून इंचात आणले, तर आडवे १४३ आणि उभे १४४ येतात. पिक्सेल तर चौरस आहे! फरक फक्त अपूर्णांक सोडून दिल्याचा आहे.

ही माहिती वायरीतून येते. जुन्या १५ टाचण्यांच्या व्हीजीए जोडणीत १२ आणि १५ क्रमांकाच्या टाचण्या याच कामासाठी आहेत. स्वस्त वायरींत त्या कित्येकदा जोडलेल्याच नसतात. चित्र व्यवस्थित दिसते, पण पडद्याची ओळख संगणकापर्यंत पोचत नाही. प्रोजेक्टरपर्यंत लांबलचक जोड-वायर नेलेल्या शाळांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ड्रायव्हर. लिनक्सवर चित्र काढण्याचे काम वर्षानुवर्षे ‘एक्स’ ही प्रणाली करत आली. तिचा जन्म १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. एक्सची मूळ भूमिका प्रामाणिक होती. पडद्याचा खरा आकार विचारायचा, भागाकार करायचा आणि खरी घनता वापरायची. पण ओळखपत्रे चुकीची निघू लागली, आणि वेगवेगळ्या पडद्यांवर एकाच संगणकाची अक्षरे लहान-मोठी होऊ लागली. अखेर २००९ साली एक्सच्या १.७ या आवृत्तीने शरणागती पत्करली आणि पडदा कोणताही असो, ९६ हीच संख्या गृहीत धरायला सुरुवात केली.

सर्वांनीच मात्र तसे केले नाही. एनव्हिडिया कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर ओळखपत्रातला आकार वाचून खरा डीपीआय काढतो, आणि आकार कुठूनच मिळाला नाही तर ७५ धरतो. त्याच कार्डासाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर असेल, तर एक्सचे ९६ लागू होतात. म्हणजे वरच्या लॅपटॉपवर नूव्हो काढून कंपनीचा ड्रायव्हर बसवला की ९६ चे १४२ होतात. १० पॉइंटाचे अक्षर आधी १३ पिक्सेलांत बसत होते, ते आता २० पिक्सेल मागते. दीडपट! आणि पट्टी लावली, तर ते आता खरोखर १० पॉइंटाचे असते. काल आपण पाहत होतो ते होते पावणेसात पॉइंटाचे. संगणक काल चुकत होता, आज बरोबर आहे, आणि आपण तक्रार आज करतो आहोत. आमच्या मते तक्रार तरीही रास्त आहे. कारण मेनू, चौकटी आणि बटणे बनवणाऱ्यांनी ती ९६ च्या मापाने कातलेली असतात. अक्षर वाढले, तरी चौकट वाढत नाही.

टीव्हीचे ओळखपत्र

वर्गात प्रोजेक्टरऐवजी मोठा टीव्ही लावण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. तिथे हा प्रश्न आणखी गमतीदार होतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी साडेसदतीस इंच. त्यावर १९२० पिक्सेल, म्हणजे इंचाला ५१. ड्रायव्हरने हे खरे माप धरले, तर १० पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम ७ पिक्सेल येतात.

सात पिक्सेलांत रोमन मोठी अक्षरे बसतात. ५ × ७ ठिपक्यांच्या चौकटीत ती छापणारी यंत्रे अनेकांनी पाहिली असतील. देवनागरीची गरज मोठी आहे. ‘सर्वांत’ हा शब्द घ्या. शिरोरेखेच्या वर रफार आणि त्याला लागून अनुस्वार. दुसऱ्या एखाद्या शब्दात खाली उकार. एक ओळ शिरोरेखेला, दोन वर, एक खाली, मग अक्षराच्या अंगासाठी उरतात तीन ओळी. तीन ओळींत ‘प’ आणि ‘ष’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे दाखवणे कोणत्याही फाँटला शक्य नाही. ‘सर्वात’ आणि ‘सर्वांत’ यांतला फरक तर गेलाच. इंग्रजी मेनू ठीक दिसतो म्हणून प्रणाली बसवणाऱ्याला अडचण जाणवत नाही. ती मराठीत शिकवणाऱ्याला जाणवते.

याच्या उलट, काही टीव्ही आपल्या ओळखपत्रात आकाराच्या जागी १६ आणि ९ असे भरून मोकळे होतात. हे खरे तर बाजूंचे गुणोत्तर आहे, पण ड्रायव्हर ते १६ सेंटिमीटर × ९ सेंटिमीटर असे वाचतो! १९२० पिक्सेल १६ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे इंचाला ३०५. आता १० पॉइंटाचे अक्षर ४२ पिक्सेलांचे होते आणि एका मेनूने अर्धा पडदा व्यापतो. हा प्रकार इतका ओळखीचा झाला आहे, की काही सॉफ्टवेअरांत ‘१६ × ९ दिसले तर विश्वास ठेवू नये’ असा खास नियम घालावा लागला. प्रोजेक्टरची गोष्ट याहून वेगळी. तो भिंतीपासून किती दूर ठेवला यावर चित्राचा आकार अवलंबून, त्यामुळे त्याला आपला आकार सांगताच येत नाही. मानकानुसार तो दोन्ही ठिकाणी शून्य सांगतो. शून्याने भागायचे नसते हे ड्रायव्हरलाही शिकवावे लागते.

मग टीव्हीवर योग्य आकार कोणता? इथे इंचाचा नाद सोडून कोनाचा विचार करावा. निरोगी डोळ्याला डोळे तपासण्याच्या तक्त्यावरचे जे सर्वांत लहान अक्षर ओळखता येते, ते डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५ मीटरवरच्या बाकासाठी ही उंची ७.३ मिलिमीटर होते. १० पॉइंटाचे अक्षर मात्रा-उकारांसह साडेतीन मिलिमीटर. म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलाला ते दिसणे शक्यच नाही, चष्मा असो वा नसो. पुस्तकातले १२ पॉइंटाचे अक्षर ४० सेंटिमीटरवरून जितक्या सहज वाचता येते, तितक्या सहज ते ५ मीटरवरून वाचायचे, तर साडेबारापट, म्हणजे १५० पॉइंटाचे हवे. ४३ इंची टीव्हीच्या उंचीत अशा दहा ओळी मावतात, त्याही खेटून. एका पाटीवर पंचवीस ओळी कोंबणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावा.

या हिशेबाने पाहिले, तर टीव्हीचे १६ × ९ चे खोटे मागच्या बाकाच्या पथ्यावरच पडते!

दुरुस्ती

आधी रोगाचे निदान. फक्त अक्षरे बदलली आहेत, की चित्रे आणि चिन्हेही बदलली? हा प्रश्न पहिला विचारावा, कारण उपाय त्यावर ठरतो.

चित्रे, चिन्हे, खिडक्या सगळेच मोठे आणि अंधुक झाले असेल, तर बहुधा नवा ड्रायव्हर सुरूच झालेला नाही. अशा वेळी लिनक्स एखाद्या साध्या, कामचलाऊ ड्रायव्हरवर येतो आणि १०२४ × ७६८ सारखे कमी रिझोल्यूशन पत्करतो. इथे फाँटला हात लावून काही साधणार नाही. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. त्यावर सगळे ठीक चालले, तर नव्या कर्नलशी ड्रायव्हरचे जुळलेले नाही असे समजावे आणि ड्रायव्हर पुन्हा बसवावा. सगळे मोठे पण रेखीव असेल, तर स्केलिंग २०० टक्के झाले आहे. पडद्याच्या सेटिंगमध्ये ते १०० करावे.

फक्त अक्षरे बदलली असतील, तर डीपीआय बदलला. खात्री करायला टर्मिनलमध्ये ‘एक्सडीपीवायइन्फो’ ही आज्ञा द्यावी. ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे, मध्ये जागा न सोडता लिहायची. तिच्या लांबलचक उत्तरात इंचाला किती ठिपके धरले आहेत त्याची एक ओळ असते. ‘एक्सआरअँडआर’ ही आज्ञा पडद्याचा आकार मिलिमीटरमध्ये सांगते. तो पट्टीने मोजलेल्या आकाराशी ताडून पाहावा. १६० × ९० मिलिमीटर दिसले, तर चोर सापडला.

उपाय कोणता डेस्कटॉप आहे त्यावर अवलंबून आहे. एक्सएफसीई आणि माते यांत फाँटच्या सेटिंगमध्येच डीपीआय भरण्याची जागा असते. तिथे ९६ भरले की झाले. केडीईमध्ये एक्स वापरत असाल, तर फाँटच्या पानावर डीपीआय सक्तीने ठरवण्याची सोय आहे. ग्नोम ड्रायव्हरने सांगितलेल्या डीपीआयकडे बघतच नाही, ९६ धरून चालतो. त्याच्यात आणि सिनामनमध्ये ‘अक्षरे किती पट’ असा गुणक असतो. मराठी मजकुरासाठी १.२५ हा गुणक लहान पडद्यावरही बरा वाटतो, असा आमचा अनुभव आहे. बटणच पडद्याबाहेर गेले असेल, तर आल्ट ही कळ दाबून धरून खिडकी माउसने वर ओढावी. काही डेस्कटॉपांत त्यासाठी आल्टऐवजी शेजारची सुपर कळ असते.

हे सारे उपाय त्या एका वापरकर्त्यापुरते असतात. प्रयोगशाळेत प्रत्येक इयत्तेचे वेगळे खाते असेल, तर आठवीची अक्षरे सुधारतील आणि नववीची तशीच राहतील. नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा पहिला पडदाही बदलणार नाही. सर्वांसाठी एकदाच दुरुस्ती हवी, तर ती एक्सच्या सेटिंग-फाइलीत करावी लागते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी तिथे दोन ओळी लागतात. एकीने ओळखपत्रातला आकार वापरू नको असे सांगायचे, दुसरीने डीपीआय ९६ × ९६ असा ठरवून द्यायचा. ड्रायव्हरच्या माहितीपुस्तिकेत दोन्ही पर्यायांची नेमकी नावे दिलेली आहेत. फाइलीची एक प्रत आधी काढून ठेवावी, हे सांगायला नकोच.

अलीकडे एक्सची जागा ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था घेते आहे, आणि ड्रायव्हर बदलल्यावर काही संगणक आपोआप तिच्यावर जातात. वेलँडमध्ये प्रत्येक पडद्याला स्वतःचे स्केलिंग देता येते. लॅपटॉपला १२५ टक्के आणि त्याला जोडलेल्या टीव्हीला २०० टक्के, असे एकाच वेळी चालते. एक्सच्या काळात लिहिलेले कार्यक्रम मात्र अशा वाढवलेल्या पडद्यावर पुसट दिसू शकतात. वर सांगितलेल्या एक्सच्या सेटिंग-फाइलीचा तिथे उपयोग नाही, म्हणून आपण दोहोंपैकी कशावर आहोत हे आधी प्रणालीच्या माहितीपानावर पाहावे.

राहिली एक बारीक गोष्ट. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर धावणाऱ्या ओळींची अक्षरेही नव्या ड्रायव्हरनंतर अचानक बारीक होतात. तिथे पॉइंट आणि इंच यांचा संबंधच नसतो. ते अक्षर ८ × १६ पिक्सेलांच्या ठोकळ्याचे असते. पूर्वी त्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत. ड्रायव्हरने पूर्ण रिझोल्यूशन चालू केले की १९२० ÷ ८, म्हणजे २४० अक्षरांच्या ६७ ओळी मावू लागतात. उपाय सोपा आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘कन्सोल-सेटअप’ची मांडणी पुन्हा चालवून टर्मिनस हा फाँट १६ × ३२ आकारात निवडावा, अक्षर दुप्पट होते.